बिल्डरचा बेस

महागडी स्टिरिओ सिस्टीम घेणाऱ्या माणसाला दुकानात सगळं सांगतात, एक सोडून. ते असं, की साधारण २०० हर्ट्झच्या वरचा आवाज तेवढा तुम्ही आत्ता पैसे मोजून घेताय. त्याखालचा आवाज तुम्ही फार पूर्वीच, वीस वर्षांच्या हप्त्यांवर, बिल्डरकडून घेऊन ठेवलेला आहे. मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५४ साली या सीमारेषेची कल्पना मांडली. खोलीचं घनफळ आणि आवाज विरायला लागणारा वेळ एवढं माहीत असलं, की कितीच्या खाली खोली मनमानी करणार ते काढता येतं. आमच्या हॉलचं उत्तर २०० च्या किंचित वर येतं. म्हणजे डग्गा, डबल बेस, बेस गिटार हा सगळा मामला बिल्डरच्या अखत्यारीतला. आणि आमच्या बिल्डरला गाण्याचं अंग नव्हतं.

आमचा हॉल तेरा फूट बाय तेरा फूट आहे. बुकिंगच्या वेळी याचं केवढं कौतुक झालं! बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा ‘परफेक्ट स्क्वेअर’ म्हणाला. सासऱ्यांनी सोबत आणलेले वास्तुतज्ज्ञ होकायंत्र घेऊन चारही कोपरे फिरले आणि ‘चौरस वास्तूत लक्ष्मी स्थिर राहते’ असं सांगून मानधन घेऊन गेले. लक्ष्मीचं माहीत नाही, ४३ हर्ट्झ मात्र स्थिर झाला.

हिशेब सोपा आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तेरा फूट म्हणजे जेमतेम चार मीटर. ज्या सुराची अर्धी लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये नेमकी मावते, त्या सुराला त्या भिंती सोडायलाच तयार नसतात. चार मीटरला तो सूर ४३ हर्ट्झच्या आसपास येतो. खोली लांबट असती तर लांबीचा सूर एक, रुंदीचा दुसरा, अशी काही वाटणी झाली असती. आमच्याकडे भिंतींच्या दोन्ही जोड्यांचं एकाच सुरावर एकमत आहे. पेटीवर शोधायचा तर हा पांढरी चारच. फक्त डावीकडच्या पट्ट्या संपल्यानंतरही खाली उतरत राहायचं.

हा सूर सिस्टीममधून येत नाही. तो हॉलमध्ये आधीपासून दबा धरून बसलेला असतो. गाण्यात त्याच्या आसपासचा काही आवाज आला की उठतो, आणि गाणं पुढच्या ओळीवर गेलं तरी हा खाली बसत नाही. शिवाय ४३ ची दुप्पट ८६, तिथेही या भिंतींचं तितकंच एकमत. डग्ग्याचा घुमारा नेमका त्या परिसरात फिरतो. परिणाम असा, की आमच्या हॉलमध्ये तीनतालाला खाली नाही. तबलजी बिचारा ठरलेल्या जागी डग्गा बंद ठेवतो, पण त्याचं अपुरं राहिलेलं काम आमच्या भिंती पुरं करतात. सगळ्या चार भरी. शास्त्रीय संगीतातलं फार कळत नाही अशा सौ.नेही एकदा विचारलं, “हा तबलेवाला मध्ये श्वास घेत नाही का हो?”

आता बसायचं कुठे, हा प्रश्न. ४३ हर्ट्झचा जोर भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि हॉलच्या मध्यावर जवळजवळ शून्य. ८६ चा जोर भिंतींपाशी जास्त आणि मध्यावरही जास्त. सोफा भिंतीला टेकवला, जसा तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक हॉलमध्ये असतो, तर दोन्ही सूर मानगुटीवर बसतात. खुर्ची मध्यावर घेतली तर खालचा बेस पार नाहीसा होतो आणि वरचा दुप्पट होतो. स्टुडिओवाले लोक सांगतात, भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्के अंतरावर बसावं. मी टेप धरून ती जागा काढली. ती स्वयंपाकघरातून बाल्कनीत जायच्या वाटेवर आली. तिथे बसून मी एक अख्खा राग ऐकला. त्या अवधीत माझ्या डोक्यावरून वाळत घालायचे कपडे, वाळलेले कपडे, कुंड्यांचं पाणी आणि पापडांचं ताट अशी वाहतूक झाली.

सुरुवातीला मी मध्यावर बसत असे. तिथे बेस ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचो. मला तरीही येत नसे. सोफ्यावर बसलेल्या आईच्या हातातला कप मात्र बशीत थरथरायला लागायचा, आणि खालच्या मजल्यावरचे काका वर यायचे. भांडायला नव्हे. ते मनापासून म्हणायचे, “काय बेस आहे हो तुमचा! आमच्याकडे तर छताचा पंखा डोलतो.” माझ्या स्पीकरांचा खरा बेस ऐकणारा त्या इमारतीतला एकमेव माणूस तो, आणि त्याने एक रुपया खर्च केलेला नव्हता.

आता इथे सरळमार्गी माणसाला वाटेल, की खोलीचा दोष कळल्यावर खोलीचं बघावं. पण हाय-एंडवाल्याचं डोकं तसं चालत नाही. बेस घुमतोय म्हटल्यावर आम्ही आधी स्पीकरची केबल बदलतो. मग पॉवरची केबल. मग स्पीकरखाली पितळी टोकदार पाय बसवतो, मग त्या पायांखाली चकत्या, मग चकत्यांखाली ग्रॅनाइट. यातली प्रत्येक वस्तू खोक्यात येते, खोक्यात फोम असतो, फोममध्ये मखमली पिशवी असते. खोली ही एकच गोष्ट अशी, की ती खोक्यात येत नाही, मासिकांत तिचा रिव्ह्यू छापून येत नाही, आणि ती विकून वरचं मॉडेल घ्यायचं तर स्टँप ड्युटी भरावी लागते.

तरीही मी खोलीकडे वळलो, पण खोक्यातूनच. एका दुकानदाराने मला भिंतीला लावायचा उंचवट्यांचा फोम विकला. तो लावल्यावर हॉलमधली बोलणी मुकी झाली, सतारीच्या तारेची चमक गेली, आणि बेस होता तिथेच राहिला. का, ते नंतर कळलं. अशा मऊ मालाने सूर नीट शोषायचा तर तो लाटेच्या पाव लांबीइतका जाड लागतो. ४३ हर्ट्झची लाट आठ मीटरची. तिचा पाव म्हणजे दोन मीटर. समोरासमोरच्या भिंतींना दोन-दोन मीटर फोम लावला तर आमचा हॉल बरोबर संपतो. बेस जातो हे खरं, पण तो गेलेला ऐकायला आपण उभं कुठे राहणार?

मग कोपऱ्यांत जुन्या कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या. सोसायटीत बातमी पसरली की आम्ही फ्लॅट सोडतोय. दोन एजंट येऊन गेले.

अमेरिकन मासिकांतला सल्लाही आपल्याकडे जुळत नाही, कारण त्यांच्या भिंती वेगळ्या. लाकडी चौकटीवर जिप्समचा पत्रा ठोकलेला. बेस आला की ती भिंत थोडी लवते आणि तेवढा बेस खाऊन टाकते. आपल्याकडे वीट, सिमेंट, आरसीसी. साधं कॅलेंडर लटकवायचं तर ड्रिलवाला बोलवावा लागतो आणि तोही घाम पुसत विचारतो, “साहेब, कॉलम आहे काय?” अशा भिंतीवर ४३ हर्ट्झ जसा आदळतो तसाच परत येतो. आमच्या हॉलमधून बेस बाहेर काढायचा एकच खात्रीचा मार्ग सापडला, तो म्हणजे बाल्कनीचं सरकतं दार सताड उघडं ठेवणं. बेस बाहेर जातो. डास आत येतात. विलंबित ख्याल टाळ्या वाजवत ऐकण्याची प्रथा आमच्याकडे त्यातून सुरू झाली.

दरम्यान एका मित्राने त्याचा सबवूफर काही दिवस वापरायला दिला आणि एक युक्तीही सांगितली. ही युक्ती जगभर चालते, आणि शास्त्राला धरून आहे. सबवूफर आपल्या ऐकायच्या खुर्चीत बसवायचा, बेसचं गाणं लावायचं, आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे बेस सर्वांत समतोल ऐकू येईल ती सबवूफरची जागा. मी तसा सबवूफर खुर्चीत बसवला आणि कान जमिनीलगत ठेवून, डोळे मिटून, भिंतीच्या कडेकडेने रांगायला लागलो. शोकेसपाशी पोचलो तेव्हा डोळ्यांसमोर पैठणीचा काठ आला. वर पाहिलं. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेलं एक जोडपं सौ.च्या शेजारी उभं होतं.

“काही हरवलंय का?” त्या बाईंनी काळजीने विचारलं.

“बेस,” मी म्हणालो.

त्यांनी खुर्चीतल्या काळ्या ठोकळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अक्षता सौ.च्या हातात दिल्या.

रांगण्याचं फळ मिळालं, नाही असं नाही. संपूर्ण हॉलमध्ये बेस एका ठिकाणी निर्दोष होता. ते ठिकाण आमच्या देव्हाऱ्याच्या बरोबर खाली होतं. मी आईकडे नुसतं पाहिलं. ती म्हणाली, “देव हलणार नाहीत. तूच तिथे बसत जा, तेवढंच काहीतरी घडेल तुझ्या हातून.”

शेवटी तोडगा पुतण्याने सुचवला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि त्या वर्गाला दुःखाची किंमत नसते. चहा पिता पिता तो म्हणाला, “काका, एवढं काय त्यात? ईक्यू लावा. ४३ ला उचललेलं आहे ना, ४३ ला खाली दाबा. संपलं.”

आमचा एक मित्र त्या दिवशी नेमका आला होता. कॉलेजपासूनचा. एल.पी. ऐकतो, फक्त एल.पी. ऐकतो, आणि रेकॉर्डवरची धूळ पुसायच्या ब्रशलाही दुसऱ्याचा हात लागू देत नाही. त्याने कप खाली ठेवला. “ईक्यू?” तो म्हणाला. “तुझ्या घरात?”

हे समजून घ्यायचं तर हाय-एंडमधलं सोवळं माहीत हवं. रेकॉर्डवरून निघालेला सिग्नल हा पहाटे अंघोळ करून ओल्या पंच्याने निघालेला असतो. वाटेत त्याला बटण शिवता कामा नये, चिप शिवता कामा नये, आणि ईक्यू तर सावलीलाही नको. पूर्वी असं नव्हतं. पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज इंजिनिअरने १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात बेस-ट्रेबलचं एक सुटसुटीत सर्किट छापलं आणि पुढे कित्येक वर्षं ॲम्प्लिफायर म्हटला की त्यावर ती दोन बटणं असायचीच. मग कुणाला तरी त्यांचा विटाळ झाला. आज ॲम्प्लिफायर जितका महाग तितकी त्याची बटणं कमी. माझ्या ॲम्पवर एकच बटण आहे. त्याहून महाग घेतला असता तर तेही नसतं, नुसत्या इच्छेने चालू झाला असता.

त्यातून इक्वलायझर म्हटलं की आमच्या पिढीला आठवतो तो ऐंशीच्या दशकातला डेक. पाच सरकपट्ट्या, त्यावर लाल-हिरवे दिवे. त्या पट्ट्या मधल्या खाली आणि कडेच्या वर अशा लावायच्या, हे कुणी शिकवल्याशिवाय साऱ्या महाराष्ट्राला येत होतं. लग्नाच्या मांडवात, रिक्षात, केशकर्तनालयात, सगळीकडे तोच आकार. माझा मित्र तेव्हा स्वतःच्या डेकवर तसाच लावायचा, हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे. म्हणूनच तो इतका चिडतो.

पुतण्या मात्र गप्प बसेना. “पण काका, तुमच्या एल.पी.वर ईक्यू असतोच की.”

“कोण म्हणतं?”

“आरआयएए कर्व्ह. १९५४ पासून आहे.”

आणि त्याने सांगितलं ते खरंच आहे. बेस आहे तसा रेकॉर्डवर कोरला तर खाच इतकी हेलकावे खात जाईल की एका बाजूवर जेमतेम काही मिनिटं मावतील आणि सुई बाहेर फेकली जाईल. म्हणून कोरताना २० हर्ट्झचा बेस सुमारे २० डेसिबलने दाबतात, आणि सुईच्या खरखरीवर मात करायला २० हजार हर्ट्झपाशी तेवढंच उचलतात. वाजवताना फोनो-प्रीॲम्प बरोबर याच्या उलट करतो. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० डेसिबलचा इक्वलायझर. आमच्या हॉलमधल्या खोडीला लागतो त्याच्या तिप्पट-चौपट. त्याशिवाय गाणं स्टुडिओत रेकॉर्ड होताना टेबलावर शंभर बटणं फिरलेली असतात ती वेगळीच. सिग्नल आपल्या दारात येईपर्यंत गावभर फिरून आलेला असतो. सोवळं सुरू होतं ते आपल्या उंबऱ्यापासून.

मित्राने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ते वेगळं.”

या दोन शब्दांपुढे भल्याभल्या विद्वानांचं काही चाललेलं नाही. पुतण्याने दुसरा चहा मागितला.

तर मी मोजणीची तयारी केली. जॉन मलकाही या गृहस्थाने ‘रूम ईक्यू विझार्ड’ नावाचं सॉफ्टवेअर करून जगाला फुकट दिलं आहे, आणि मोजायचा माईक माझ्या एका चकतीच्या किमतीत आला. (ग्रॅनाइट धरून सांगत नाही.) सॉफ्टवेअर स्पीकरमधून २० हर्ट्झपासून २० हजारपर्यंत चढत जाणारा एक सूर सोडतं, माईक ऐकतो, आणि पडद्यावर आलेख उमटतो. सूर खाली असतो तेव्हा काही होत नाही, फक्त शोकेसच्या काचा बोलतात. मग तो चढायला लागतो. पहिल्याच खेपेला आई आतून ओरडली, “अरे, गॅस बंद कर!” दुसऱ्या खेपेला सोसायटीतली सगळी कुत्री गेटपाशी जमली. वॉचमनने इंटरकॉमवर विचारलं, “साहेब, लिफ्टमध्ये कुणी अडकलंय का?”

मोजताना शांतता लागते. पंखा बंद, फ्रिज बंद, बोलणं बंद. पुण्यात खरी शांतता दुपारी एक ते चार, पण ती ज्यासाठी असते ते मोडून मोजणी करणं म्हणजे सोसायटीच्या बैठकीत विषय क्रमांक एक होणं. म्हणून मी संध्याकाळी मोजायला लागलो. एक आलेख चढता सूर न सोडता, सतत चालणाऱ्या गुलाबी नॉइजवरही काढता येतो. त्यात बदल लगेच दिसतात. तर या आलेखात बेसच्या भागात एक नवाच फुगवटा दिसायला लागला. कधी यायचा, कधी जायचा. मी फिल्टर लावून तो दाबला की दहा मिनिटांत दुसरीकडे उगवायचा. कित्येक संध्याकाळी मी त्याच्या मागे होतो. चिरंजीव शेवटी बाल्कनीत उभं राहून म्हणाले, “बाबा, गणपती जवळ आलेत. नदीकाठी पथकाचा सराव चालू आहे.” तोपर्यंत मी त्या ढोलपथकाला बऱ्यापैकी इक्वलाइज करत आणलं होतं. फक्त त्यांना ते कळवायचं राहिलं होतं.

माझी अवस्था बघून सौ. म्हणाली, “रात्रीची झोप तरी नीट घ्या.” मी तिला वॉलेस सॅबाईनची हकिकत सांगितली. १८९५ साली हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, म्हणून या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपवलं. तो आणि त्याचे मदतनीस शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री वाहून आणायचे, त्या मांडून ऑर्गनच्या पाइपचा सूर किती वेळ विरतो ते घड्याळावर मोजायचे, आणि सकाळच्या आत सगळ्या उशा परत जागेवर. अंगावरचे कपडेही आवाज शोषतात हे लक्षात आल्यावर तो मोजणीला कायम तोच पोशाख करायचा. त्यातून वास्तुध्वनिशास्त्र जन्माला आलं आणि १९०० साली बॉस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला.

सौ.ने सगळं ऐकलं. “तोच पोशाख,” ती म्हणाली. “म्हणजे हा बनियन शास्त्रीय कारणासाठी आहे तर.”

आलेख हाती आला तेव्हा त्यात ४३ पाशी एक सुळका होता, ८६ पाशी दुसरा, आणि मध्ये एक दरी. आता माणसाचा स्वभाव असा, की त्याला सुळका कापण्यापेक्षा दरी भरणं जास्त उदात्त वाटतं. मी दरीवर १० डेसिबल चढवले. आलेख हलला नाही. सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेत याचं कारण दिलं होतं, पण मदतपुस्तिका आपण कधी वाचतो? स्पीकरकडून आलेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट त्या जागी एकमेकींना रद्द करत असतात. तुम्ही आवाज वाढवला की दोघीही वाढतात आणि तितक्याच इमानाने रद्द करतात. वर १० डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्पने दहापट पॉवर द्यायची. माझ्या ॲम्पने ती दिली. वूफर ढोलासारखे पुढेमागे व्हायला लागले, शोकेसमधली कृष्णाची मूर्ती सरकत सरकत अर्जुनाच्या रथातून उतरली, ॲम्पने स्वतःला बंद करून घेतलं, आणि माझ्या खुर्चीत मात्र त्या जागी पूर्वीइतकाच काही नाही असा आवाज येत होता. खालचे काका धावत वर आले. “आज काय लावलंय?” त्यांचे डोळे चमकत होते. “परत लावा ना.”

मग मी सुळका कापला. जॉर्ज मॅसनबर्ग या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाने १९७२ साली पॅरामेट्रिक इक्वलायझरवर शोधनिबंध वाचला होता. त्यात सरकपट्ट्यांच्या जागी तीनच गोष्टी लागतात. कुठे कापायचं, किती कापायचं, आणि किती अरुंद कापायचं. एक फिल्टर ४३ वर, एक ८६ वर. बटण दाबलं.

तीनतालात खाली आली.

खरंच आली. ‘तिन् तिन् ता’ मोकळे, कोरडे, आणि मग ‘धिन्’वर डग्गा असा उतरला की मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. घरातल्यांना हाक मारली. सगळे जमले, ऐकलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

“काहीतरी कमी वाटतंय,” चिरंजीव म्हणाले.

“पोकळ वाटतंय,” सौ. म्हणाली.

“सर्दी गेल्यासारखं वाटतंय,” आई म्हणाली, आणि माझ्या मते सर्वांत अचूक परीक्षण तिचंच होतं.

घुमणाऱ्या बेसची कानाला इतकी सवय होते की तो काढला की कानाला आधी उपासमार वाटते. शिवाय कॅनडातले फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी चाचण्या घेऊन दाखवलंय, की खोलीत लोकांना आलेख सपाट नको असतो. बेसकडे थोडा चढता असला तरच तो बरोबर वाटतो. तेव्हा एवढ्या कष्टाने काढलेला बेस मी दुसऱ्या फिल्टरने, जरा सभ्य आकारात, परत घातला. त्यावरून घरात मतभेद झाले. आता आमच्या यंत्रात चार प्रीसेट आहेत. एक माझा. एक चिरंजीवांचा, ज्यात मी काढलेलं सगळं परत आहे आणि वर थोडं आहे. एक आईचा, कीर्तनासाठी, ज्यात झांजा कापल्या आहेत. सौ.च्या प्रीसेटला आवाज नाही. तिने मुद्दाम मागून घेतला.

तरी एक गोष्ट राहतेच. हा सगळा दुरुस्तीचा कार्यक्रम एका जागेपुरता आहे. सोफ्याच्या उजव्या टोकाला खाली येते. डाव्या टोकाला अजून भरीच आहे. सगळ्यांना समान न्याय हवा असेल तर टॉड वेल्टी या अमेरिकन संशोधकाने उपाय शोधून ठेवलाय, चार सबवूफर, चारही भिंतींच्या मध्यावर एकेक. चौरस हॉलला तर हे फारच छान लागू पडतं. आमच्या एका भिंतीच्या मध्यावर मुख्य दार आहे, दुसरीच्या बाल्कनी, तिसरीच्या स्वयंपाकघराची वाट. चौथीच्या मध्यावर देव आहेत. म्हणून पाहुणे आले की उजव्या टोकाला कुणी बसायचं यावर आग्रह होतो. लग्नपत्रिकावाल्या त्या बाई परवा आल्या होत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या.

खालचे काका मात्र भेटले की तोंड फिरवतात. एकदा लिफ्टमध्ये गाठलं तेव्हा म्हणाले, “तुमचं हल्ली ऐकू येत नाही. सिस्टीम विकली की काय?”

आणि एके रात्री साडेदहाला त्या एल.पी.वाल्या मित्राचा फोन आला. आवाज दबका. “तो माईक घेऊन येशील का? एकटाच ये. माईक पिशवीत आण, भाजीच्या.” मी गेलो. त्याचा हॉल पाच मीटर लांब. ३४ हर्ट्झला असा सुळका होता की आलेखाचा कागद वर चिकटवायला लागला असता. पडदे ओढून आम्ही मोजणी केली, फिल्टर काढले, आणि ते फिल्टर चालवणारी डिजिटल डबी कुठे बसवायची ते दाखवलं.

“म्हणजे माझी एल.पी. यात जाऊन डिजिटल होणार?” त्याने विचारलं.

“हो.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

तो बराच वेळ टर्नटेबलकडे बघत राहिला. मग उठला, डबी शोकेसमध्ये पितळी समईच्या मागे ठेवली, आणि वर भरतकामाचा रुमाल टाकला.

पुढच्या रविवारी त्याच्याकडे आमची नेहमीची मंडळी जमली. पहिल्याच चीजेला सगळ्यांनी माना वर केल्या. डग्गा कसा सुटा, तानपुरा कसा मोकळा, जागा कशी दिसतेय. “काय केलंस?” एकाने विचारलं. मित्राने समईकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. “स्पीकरची केबल बदलली,” तो म्हणाला. “चांदीची आहे. सिग्नलला कुठे काही लागत नाही.”

केबलचं नाव, मीटरचा भाव आणि मुंबईतल्या दुकानाचा पत्ता लगेच एका कागदावर उतरला. दोघांनी तिथल्या तिथे फोन करून मागवलीसुद्धा. त्यातला एक मी. डबी कुठे आहे ते मला माहीत होतं, फिल्टर मीच लावले होते, पण एवढा फरक नुसत्या फिल्टरने पडत नाही. थोडा केबलचाही असणारच.